बी बाम लावू की नको? (न्यू जर्सी, ड्राइव्हवेच्या कडेची पट्टी)

चाफेकळी

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनपासून अर्ध्या तासावर राहतो. ड्राइव्हवेच्या कडेला चारएक फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी पट्टी आहे. आधीच्या मालकांची वाळकी झुडपं या हिवाळ्यात उपटून टाकली, त्यामुळे आता नुसती माती दिसतेय. सकाळी अकरापासून चार-साडेचारपर्यंत कडक ऊन, नंतर गॅरेजची सावली. माती चिकण, पाऊस पडला की बूट रुतून बसतो.

दरवर्षी नव्याने रोपं आणून लावायची हौस आता उरलेली नाही. एकदा लावलं की दर वसंतात आपापलं वर येणारं काहीतरी हवंय. मधमाश्या, फुलपाखरं आली तर उत्तमच. हरणांची रोज संध्याकाळी फेरी असते, ट्युलिप आणि होस्टा दोन्ही फस्त केलेत.

शेजारच्या काकू म्हणतात बी बाम नावाचं फुलझाड लाव, त्यांच्याकडचा गड्डा द्यायला तयार आहेत. त्यांचं लालभडक आहे. जुलैत सुरेख दिसतं, पण गेल्या ऑगस्टात त्याची पानं पीठ शिंपडल्यासारखी पांढरी झाली होती आणि झाड पार मरगळलं होतं. तर लावावं का? लाल की जांभळं? पसरतं म्हणतात, ते कितपत? आणि एक स्वार्थी प्रश्न: लाल फुलं गणपतीपर्यंत टिकतील का? घरातली जास्वंद वर्षातले आठ महिने रुसलेली असते.

ढब्बू_मिरची

फुकट मिळणाऱ्या रोपाबद्दल आधी चौकशी करणारं मराठी माणूस पहिल्यांदाच बघतेय. 😀

मातीचे_पाय

लावा. पण काकूंचा गड्डा त्या पट्टीत लावू नका.

मी पेनसिल्व्हेनियात आहे, माझ्याकडे तीन प्रकारचं बी बाम आहे. सगळी मोनार्डा वंशातली, आपल्या तुळस-पुदिन्याच्या कुळातली भावंडं. देठ चौकोनी, पानं समोरासमोर, चुरगळलं की ओव्याच्या जवळचा वास. त्या वासामुळेच हरणं सहसा तोंड लावत नाहीत. 'सहसा' हा शब्द मात्र जपून वाचा. एप्रिलमध्ये कोवळे कोंब वर येतात तेव्हा एखादं हरीण चव घेऊन जातं.

लाल आहे ते मोनार्डा डिडिमा. हे मूळचं ओढ्याकाठचं, ओलसर रानातलं झाड. त्याला ओल सतत हवी आणि दुपारचं ऊन थोडं कमी असलं तर बरं. तुमच्या पट्टीला कडक ऊन तर आहेच, शिवाय डांबराची धग. जुलैत चिकणमाती तडकली की झाडाला पाण्याचा ताण बसतो, आणि तो बसला की पांढरी पानं आलीच म्हणून समजा.

फिक्या जांभळ्या रंगाचं ते मोनार्डा फिस्टुलोसा. गवताळ माळावरचं झाड. ऊन सोसतं, कोरडं सोसतं, चिकणमाती चालते, फक्त मुळाशी पाणी साचून राहिलेलं आवडत नाही. तुमच्या जागेला हेच.

त्यातही 'क्लेअर ग्रेस' मिळाली तर बघा. डेलावेअरमधल्या माउंट क्यूबा सेंटरने मोनार्डाच्या बऱ्याच जाती शेजारी शेजारी लावून काही वर्षं तुलना केली होती, त्यांचा अहवाल २०१६ चा आहे. त्यात 'क्लेअर ग्रेस'ची पानं स्वच्छ राहिली आणि फुलपाखरं, पतंगही तिच्यावर भरपूर आले. लालच हवं असेल तर 'जेकब क्लाइन'. त्या चाचणीत हमिंगबर्डची पहिली पसंती तिला होती. 'केंब्रिज स्कार्लेट' नावाची जुनी लाल जात सगळीकडे विकायला असते, तिच्यावर पांढरी बुरशी लवकर येते. काकूंचं झाड तेच असावं असा माझा कयास.

पसरण्याबद्दल: जमिनीखालून उथळ मुळं चारी बाजूंना जातात. पुदिन्याइतका उच्छाद नाही, हाताने ओढलं की निघतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गड्ड्याच्या मधोमध टक्कल पडतं. मग वसंतात कोंब दोन-तीन इंचाचे असताना गड्डा उकरायचा, मधला वाळका भाग फेकायचा आणि कडेचे जोमदार तुकडे दीड-दोन फुटांवर पुन्हा लावायचे.

पिंपळगावकर

मंडळी, अमेरिकेतल्या बागेशी माझा काही संबंध नाही. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबाग आहे. पण 'पीठ शिंपडल्यासारखी पानं' वाचलं आणि राहवलं नाही. ही भुरी. आमच्या झोपा उडवणारा रोग.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, भुरीला पान ओलं लागत नाही. लोक समजतात पाऊस झाला म्हणून भुरी आली. पावसाने, दवाने येतो तो डाऊनी, तो वेगळा रोग, त्याला पानावर पाणी लागतं. भुरीला दमट हवा, सावली आणि दाटी पुरते. उलट जोराचा पाऊस पानावरची भुरी धुऊन काढतो. म्हणून आम्ही औषधाच्या आधी विरळणी बघतो. बी बामलाही तेच करा. मे महिन्यात प्रत्येक गड्ड्यातले तिसरा हिस्सा कोंब बुडातून कापून टाका. वारा खेळला की निम्मं काम झालं.

दुसरी, गंधक मारायचं असेल तर पहिला ठिपका दिसताच, आणि कडक उन्हात अजिबात नाही. बत्तीस-तेहतीस अंश सेल्सिअसच्या वर पारा असताना गंधक मारलं तर पानं करपतात. अख्खं झाड पांढरं झाल्यावर फवारून पंपाचा व्यायाम तेवढा होतो.

चाफेकळी

@पिंपळगावकर, दादा, हे फारच कामाचं. म्हणजे काकूंची भुरी माझ्या दारातल्या द्राक्षाच्या वेलावरही येईल का? कुंपणावर एक काँकर्ड आहे.

पिंपळगावकर

नाही येणार. भुरी एकाच नावाने ओळखतात, पण बुरशी पिकागणिक वेगळी. द्राक्षावरची द्राक्षकुळापुरती, काकडीवरची वेगळी, तुमच्या त्या बामवरची आणखी वेगळी. वेलावर आली तर ती स्वतःच्या पायाने आलेली असेल, बामला दोष देऊ नका.

खारूताई

मला एक शंका. ड्राइव्हवेच्या कडेला म्हणजे गाडीचं दार उघडलं की समोर मधमाश्या. लहान मुलं सायकल चालवणार, चेंडू जाणार. चावल्या तर? माझ्या भाच्याला अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे आमच्या घरी हा विषय निघाला की वाद होतात.

सातेरी

@खारूताई, भीती रास्त आहे, पण ती कुठे बाळगायची ते बघू. मी गेली बरीच वर्षं मधपेट्या सांभाळतो, महाबळेश्वर भागात.

माशी चावते ती मुख्यतः घर राखायला. पोळ्याजवळ गेलात, पेटी हलवली तर. फुलावर आलेली माशी कामावर आलेली असते. तुम्ही बाजूला उभे राहून फोटो काढलात तरी ती ढुंकून बघत नाही. हाताखाली किंवा पायाखाली सापडली तरच डंख. अमेरिकेत बी बामवर मुख्यतः येतात ते बंबलबी आणि एकेकट्या राहणाऱ्या छोट्या माश्या. एकेकट्या माशीला राखायला वसाहतच नसते, त्यामुळे ती अंगावर येत नाही. घरात कुणाला गंभीर अ‍ॅलर्जी असेल तर मात्र मी स्वतः गाडीच्या दारापासून पाच-सहा फूट सोडूनच लावेन. त्यात तडजोड नको.

नावात 'बी' आहे म्हणून मधासाठी कुणी हे लावणार असेल तर थांबा. लाल बी बामच्या फुलाची नळी लांब असते. युरोपीय मेलिफेरा मधमाशीची जीभ सहा-सात मिलिमीटर, आपल्याकडच्या सातेरी मधमाशीची त्याहूनही आखूड. मध तळाशी आणि जीभ मध्येच संपते. लाल फुलाचं गिऱ्हाईक म्हणजे हमिंगबर्ड आणि लांब जिभेची बंबलबी. शिवाय माशीला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही. जांभळ्याची नळी त्या मानाने आखूड, मध भरपूर असेल तेव्हा मधमाशीलाही थोडंफार मिळतं.

ढब्बू_मिरची

म्हणजे हॉटेलच्या पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' आणि आत सुरमई थाळी.

निशिगंध

@सातेरी यांच्याशी सहमत. त्यात थोडी भर.

मी मिनेसोटात राहते. इथल्या लोकांना 'बी' म्हटलं की मधमाशीच आठवते, पण मधमाशी इथली नाहीच. १६२२ साली व्हर्जिनियात युरोपातून पेट्या आल्या, तेव्हापासून ती आहे. त्याआधी हजारो वर्षं इथल्या फुलांवर इथल्याच माश्या होत्या. त्यातली एक, गंजलेल्या रंगाचा ठिपका असलेली बंबलबी, २०१७ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेली. पुढे मिनेसोटाने तिला राज्याची माशी म्हणून मान दिला. तिचं आवडतं फूल कोणतं? जांभळं बी बाम. मोनार्डाच्याच परागावर पोसणारी डुफोरिया नावाची इवलीशी माशीसुद्धा आहे. म्हणून चाफेकळी, माझं मत स्पष्ट आहे: फिस्टुलोसा लाव, तीही साधी, रानटी, स्थानिक बियाण्यातून वाढवलेली. नावं दिलेल्या जाती एकाच रोपाच्या प्रती असतात, सगळी झाडं एकसारखी. मला ते पटत नाही.

आणि रोप घेताना रोपवाटिकेत विचार की निओनिकोटिनॉइड हे कीटकनाशक वापरलंय का. ते औषध झाडाच्या रसात भिनतं, परागात आणि मधात उतरतं. माश्यांसाठी म्हणून झाड आणायचं आणि त्यांनाच विष पाजायचं, याला अर्थ नाही. आमच्या इथल्या एका मोठ्या दुकानात हा प्रश्न विचारला तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, त्यावर 'माश्यांना आवडतं' असं लिहिलंय ना?" मी रोप परत मांडणीवर ठेवलं.

मातीचे_पाय

@निशिगंध, रान वसवायचं असेल तर बियाण्यावरची रोपंच हवीत, मान्य. पण ही ड्राइव्हवेची चार फुटी पट्टी आहे. बियाण्यावरचं एखादं झाड अडीच फुटांचं होतं, शेजारचं पाच फुटांचं, आणि एकावर भुरी तर दुसऱ्यावर नाही. 'क्लेअर ग्रेस' ही फिस्टुलोसाचीच निवड आहे, साध्या फुलांची. माश्यांना त्यात पराग आणि मध दोन्ही मिळतात.

निशिगंध

दोन 'क्लेअर ग्रेस' आणि चार रानटी. यापलीकडे मी जाणार नाही. 😄

आजोबा_टोरांटो

इथे कॅनडात आम्ही 'मार्शल्स डिलाइट' लावलेलं आहे. गुलाबी. मॅनिटोबातल्या मॉर्डनच्या संशोधन केंद्रात तयार झालेली जात, त्यामुळे आमच्या थंडीला पुरून उरते. भुरी अगदीच येत नाही असं नाही, पण उशिरा आणि बुडाच्या पानांवर.

मला सांगायचंय ते हमिंगबर्डचं. नातवाला तो दिसावा म्हणून झाड खिडकीजवळ लावलं. या पूर्वेकडच्या भागात वीण घालणारा हमिंगबर्ड एकच, लाल गळ्याचा, वजन जेमतेम तीन ग्रॅम. फुलासमोर हवेत उभा राहतो, एका नळीत चोच घालतो, मागे सरकतो, शेजारच्या नळीत घालतो, असा अख्ख्या फुलाला प्रदक्षिणा घालतो. बी बामच्या एका फुलात खरी फुलं अनेक असतात, मधली आधी उमलतात आणि मग कडेची. त्यामुळे पहिल्या आठवड्यात त्याची प्रदक्षिणा लहान, दुसऱ्या आठवड्यात मोठी. हे नातवाने शोधलं, मी नाही. आणखी एक पतंग येतो, हुबेहूब हमिंगबर्डसारखा घोंघावतो, पंख पारदर्शक. त्याला मिशा दिसल्या की समजायचं, पक्षी नव्हे.

आणि मोठे काळे भुंगे! ते पुढच्या दाराने येतच नाहीत. नळीच्या बुडाशी चीर पाडून मध ओढतात आणि परागाला स्पर्शही न करता निघून जातात.

उकडीचा_मोदक

भुंग्यांनी तिकीट न काढता सिनेमा बघायची सोय केलीय.

लंडनचा_पाऊस

आमच्याकडे हमिंगबर्ड नाही, तरी इंग्लंडमधल्या बागांत हे झाड भरपूर. ते इथे आलं कसं याची गोष्ट मजेशीर आहे. फिलाडेल्फियाचे जॉन बार्ट्रम १७४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या उत्तरेला ऑन्टारिओ सरोवराकाठी ऑस्वेगोला गेले होते. तिथलं बी त्यांनी लंडनच्या पीटर कॉलिन्सन यांना पाठवलं. कॉलिन्सन पेशाने कापडाचे व्यापारी, पण अमेरिकेतून बियांच्या पेट्या मागवण्याचा नाद भारी. तिथले लोक या पानांचा चहा करत म्हणून नाव पडलं ऑस्वेगो टी. पुढे १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या आणि कंपनीच्या चहावर बहिष्कार पडला, तेव्हा वसाहतीतल्या लोकांनी ज्या ज्या पाल्याचा चहा करून पाहिला त्यात हाही होता.

ढब्बू_मिरची

मी पिऊन पाहिलाय. ओव्याचा काढा. पोट बिघडलं तर ठीक, पाहुण्यांना देऊ नये. देशप्रेमापोटी लोक काय काय पितात!

खारूताई

अर्ल ग्रे चहात बर्गमॉट असतं ते हेच ना? फिस्टुलोसाला वाइल्ड बर्गमॉट म्हणतात असं वाचलं.

लंडनचा_पाऊस

नाही. अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट नावाच्या लिंबवर्गीय फळाच्या सालीचं तेल असतं, मुख्यतः इटलीतल्या कॅलाब्रियातलं. मोनार्डाच्या पानाचा वास त्याच्या जवळचा वाटला, एवढाच संबंध.

सातेरी

ओव्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ओव्यात आणि मोनार्डात एकच द्रव्य, थायमॉल. पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीत औषधासाठी थायमॉल काढत ते मुख्यतः भारतातून गेलेल्या ओव्यापासून. युद्धात तो व्यापार बंद पडला. तेव्हा अमेरिकेत मोनार्डा पंक्टाटा, ठिपक्यांचं बी बाम, थायमॉलसाठी लावून पाहिलं होतं. आणि आजही मधमाशीच्या अंगावर बसणाऱ्या व्हॅरोआ गोचिडीसाठी पेटीत थायमॉल ठेवतात. म्हणजे झाड मधमाशीला फारसा मध देत नाही, पण त्यातलं औषध तिच्या कामी येतं.

मातीचे_पाय

पंक्टाटा माझ्याकडे आहे. दिसायला मोनार्डातलं सगळ्यात देखणं, मजल्यावर मजले, खाली गुलाबी पाकळ्यांसारखी पानं. पण त्यावर गांधिलमाश्यांची जत्रा भरते. अळ्या मारणाऱ्या आहेत, बागेच्या फायद्याच्या. तरी @चाफेकळी, गाडीच्या दाराशी नको. शिवाय त्याला वाळूची जमीन लागते, तुमच्या चिकणमातीत पहिल्या हिवाळ्यातच कुजेल.

कोथरूडकर

आमच्या गच्चीवर येईल का हो? कुंडीत. कुणी येताना बी घेऊन या.

सातेरी

@कोथरूडकर, बारमाही मोनार्डाला थंडीची विश्रांती लागते. पुण्याची थंडी त्याला पुरत नाही, वर पावसाळ्यात मुळं कुजणार आणि भुरी येणार. बॅगेतून बी आणायच्या भानगडीतही पडू नका, त्याला परवाना आणि तपासणीचे नियम आहेत.

आपल्याकडे त्याच कुळातलं काय कमी आहे? तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका, एक कुंडी फुलू द्या. सब्जा लावा. सकाळी नऊ वाजता फुलोरी माश्यांनी मंजिरी वाकते की नाही बघा. पावसाळ्यानंतर सह्याद्रीत पांगळी फुलते, तिच्यावर सातेरी तुटून पडते. ओसाड जागेत दीपमाळ उगवते, नारिंगी फुलांचे गोळे एकावर एक. ती मूळची आफ्रिकेतली आणि तणासारखी पसरते म्हणून मी लावा म्हणणार नाही, पण तिच्यावर शिंजीर लोंबकळताना पाहिला की हमिंगबर्ड नाही म्हणून रडावंसं वाटणार नाही.

महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर केलं. कधी आलात तर तिथल्या पेट्या बघा. जांभूळ फुललं की मधाची चव आणि रंग दोन्ही बदलतात.

अर्धवटराव

सगळं ठीक, पण एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना? आमच्या सोसायटीने मला पत्र पाठवलं की 'तण वाढलंय, काढा'. ते तण म्हणजे माझं फुलायच्या आधीचं बी बाम, चार फुटांचं. पत्रासोबत फोटोही होता. फोटो चांगला आला होता, तो मी ठेवून घेतला.

मातीचे_पाय

उंची कमी करायची युक्ती आहे. मेअखेर झाड दीड-दोन फुटांचं झालं की वरचा तिसरा भाग सरळ छाटा. फूल आठ-दहा दिवस उशिरा येतं, पण झाड ठेंगणं, भरगच्च राहतं आणि वाऱ्याने लोळत नाही. आणि पट्टीला विटांची किंवा दगडांची कडा करा. कडा दिसली की लोकांना ती बाग वाटते.

निशिगंध

@अर्धवटराव, तुम्ही मेरीलंडमध्ये असाल तर २०२१ चा कायदा वाचा. कमी देखभालीच्या, परागकणवाहकांना उपयोगी बागेवर एचओएला सरसकट बंदी घालता येत नाही. बाकी राज्यांत नियम वेगवेगळे आहेत.

अर्धवटराव

मी टेक्ससमध्ये आहे. छाटतो.

उकडीचा_मोदक

मूळ धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सगळे विसरले. गणपतीला फुलं मिळणार का?

मातीचे_पाय

न्यू जर्सीत बी बाम जूनअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. वाळलेली फुलं लगेच खुडत गेलात तर ऑगस्टात थोडा दुसरा बहर येतो. गेल्या वर्षीसारखा गणपती ऑगस्टअखेर असता तर चार फुलं मिळालीही असती. पण यंदा (२०२६) अधिक महिना आहे, गणपती थेट १४ सप्टेंबरला. तोवर वाळकी बोंडंच उरतील.

आजोबा_टोरांटो

ती बोंडं खुडू नका सगळी. गोल्डफिंच पक्षी त्यातलं बी टिपतात, ऑक्टोबरपर्यंत येत राहतात. आणि थंडीत देठही कापू नका. देठ पोकळ असतात. वसंतात फूट-दीड फूट ठेवून वरचा भाग कापला की त्या पोकळीत छोट्या माश्या घर करतात. नवी पालवी आली की ते खुंट झाकले जातात, दिसतही नाहीत.

उकडीचा_मोदक

बोंडं पक्ष्यांना, देठ माश्यांना. बाप्पाला काय?

ढब्बू_मिरची

झिनिया! बी मेमध्ये मातीत टाक, लाल रंगाचं पाकीट वेगळं मिळतं. सप्टेंबरात टोपलीभर फुलं. वर्षायू आहे हे मान्य, पण दोन रुपयांचं काम, म्हणजे दोन डॉलरचं.

रॅलीची_राणी

फुलांचं होईल, दूर्वांचं काय करता? आमच्या नॉर्थ कॅरोलायनात तर लॉनच दूर्वांचं आहे. बर्म्युडा ग्रास म्हणतात ती आपली दूर्वाच. निम्मी गल्ली ती लावते आणि निम्मी गल्ली ती मारायला पैसे देते. दरवर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी मी कात्री घेऊन वाकते आणि समोरचे आजोबा विचारतात, काही हरवलंय का?

निशिगंध

त्या लॉनवर तणनाशक मारलेलं नाही ना, तेवढं बघून घे. प्रसादाच्या ताटाशेजारी जाणार आहे ते.

चाफेकळी

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! काकूंना नाही म्हणणं जमणार नाही, त्यांनी कालच गड्डा उकरून बादलीत घालून दारात ठेवला. घराच्या मागे पन्हळीचं पाणी पडतं तिथे कायम ओल असते आणि दुपारनंतर सावली. तो लाल गड्डा तिथे लावते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो, म्हणजे हमिंगबर्डही दिसेल. पट्टीत फिस्टुलोसा. गाडीच्या दारासमोरचा भाग मोकळा ठेवून तिथे कमी उंचीचं काहीतरी बघते.

पण @मातीचे_पाय, पन्हळीखाली पाणी साचतं तेव्हा दोन-दोन दिवस डबकं असतं. चालेल?

मातीचे_पाय

डबक्यात नको, डबक्याच्या काठावर. ओल हवी म्हणजे बुडलेलं चालतं असं नाही. चार इंच उंचवटा करा, त्यात पानांचं कुजलेलं खत मिसळा आणि गड्डा आहे तसा न लावता आधी फोडा. बादलीत आहे तोवर सोपं आहे. एका गड्ड्यातून चार-पाच रोपं सहज निघतील, त्यातली धष्टपुष्ट दोन-तीन ठेवा. लावल्यावर पहिला उन्हाळा आठवड्याला दोनदा खोल पाणी, झाडाच्या बुडाशी, पानांवर नको.

पिंपळगावकर

आणि फोडताना जुनी वाळकी पानं, काड्या सगळ्या काढून कचऱ्यात टाका. गेल्या वर्षीची भुरी त्यावर बसून असेल. नवीन घरात सामान नेताना वाळवी घेऊन जाऊ नये.

कोथरूडकर

मी सब्जा पेरला. तीन दिवस झाले, अजून काही नाही.

सातेरी

@कोथरूडकर, अहो दम धरा. आणि बी मातीने झाकू नका, नुसतं पसरून पाणी शिंपडा.

मातीचे_पाय

माझ्याकडे फिस्टुलोसाचे गड्डे या आठवड्यात फोडायचे आहेत. प्रिन्स्टन किंवा एडिसनकडे येणं होतंच. @चाफेकळी, सहा रोपं बाजूला ठेवतो. निशिगंधबाई, बियाण्यावरचीच आहेत, नाव नसलेली.

निशिगंध

बघा, आले ना वळणावर.

ढब्बू_मिरची

शिकागोला येणं होतं का हो कधी?